पाठीवरची बटणं

शनिवारी संध्याकाळी आमच्या गिर्ला गावच्या रस्त्यावर चिटपाखरू दिसायचं नाही. गायींची धार अर्धी राहायची, चुलीवरचा मक्याच्या पिठाचा मामालिगा तळाला करपायचा, आणि घरोघरचं माणूस न माणूस टीव्हीपुढे येऊन बसायचं. होरिया आणि लियाना या नवरा-बायकोचा कार्यक्रम असायचा. त्यात गाणी, पाहुणे, चेष्टामस्करी सगळं असायचं, पण बायकांचा जीव अडकलेला असायचा तो पहिल्या दोन मिनिटांत. लियाना यायची आणि आपल्याकडे पाठ करून आरशासमोर उभी राहायची. झग्याला पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत बटणांची रांग. सगळी लावलेली, मानेजवळचं शेवटचं एक तेवढं उघडं. मग होरिया मागून यायचा, ते बटण लावायचा, आणि लावता लावता वाकून तिच्या कानात काहीतरी सांगायचा. आरशात लियाना डोळे मिटून घ्यायची आणि ओठ न उघडता हसायची.

तो काय सांगतो, हा आमच्या देशापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न होता. सरकारं आली नि गेली, त्यांचं कुणी एवढं मनावर घेतलं नाही. एका मासिकवाल्याने लियानालाच विचारलं, तर ती म्हणाली, "ते आमच्या दोघांतलं." झालं! त्या तीन शब्दांवर बायकांनी वर्षभर उसासे टाकले.

त्यात लियाना आमच्या गावची. तुदोरामावशीची एकुलती एक. तिच्या कपड्यांचं वेड देशभर होतं. ना झालर, ना नक्षी, पांढरा नाहीतर राखाडी सरळ झगा, केस मागे ओढलेले, आणि ते मिटल्या ओठांचं हसू. पण गिर्ल्यात ते वेड अंगात आल्यासारखं होतं. आमच्याकडे लग्नात नवऱ्या पाठीवर बटणं लावून घ्यायला लागल्या. चर्चच्या पायरीवर नवरदेव शेवटचं बटण लावणार आणि कानात काहीतरी सांगणार, हा विधीच होऊन बसला. बहुतेक नवरदेव काय सांगायचं ते न सुचून "लागलं एकदाचं" असं काहीतरी पुटपुटायचे.

पावाच्या दुकानात बसणारी ऑरिका या वेडात सगळ्यांच्या पुढे. ती लियानाच्याच वर्गातली, तिच्याच बांध्याची. मिटल्या ओठांनी हसायची सवय तिने आरशापुढे उभं राहून लावून घेतली होती, इतकी की गिऱ्हाइकांना वाटायचं बाईची दाढ दुखतेय. आणि सगळ्यांत जास्त भोगलं ते तिच्या नवऱ्याने. नेलू पाण्याच्या पंपहाऊसवर कामाला. मुठीएवढा नट तो दोन बोटांनी फिरवील, पण सुईत दोरा ओवायला सांगितला तर घामाघूम होईल.

"बघ, बघ," ऑरिका दर शनिवारी त्याला कोपराने ढोसायची, "असं प्रेम करतात माणसं."

"हूं," नेलू म्हणायचा.

"हूं काय? कधी बटण लावलंयस माझं?"

लग्नाच्या वाढदिवसाला तिने क्रायोव्हा शहरातल्या शिंप्याकडून तसाच झगा शिवून आणला आणि नेलूपुढे पाठ करून उभी राहिली. नेलूने बराच वेळ झटापट केली. एक बटण भलत्याच काजात गेलं, एक तुटून पलंगाखाली गडगडलं.

"अगं, पुढून बटणं असलेला घ्यायचा," तो कपाळ पुसत म्हणाला. "तुझी तू लावशील, तुझी तू काढशील."

"तुला काय कळतंय प्रेमातलं!"

"प्रेमातलं नाही कळत. बटणातलं सांगितलं."

ती त्या दिवशी जेवली नाही. नेलू दोघांच्या वाटणीचं जेवला, त्याचाही तिला राग आला.

आणि मग मार्च महिन्यात लियाना गेली. बुखारेस्टहून एकटीच गाडी चालवत गावाकडे येत होती, रस्त्याकडेच्या अक्रोडाच्या झाडावर गाडी आदळली. आईला अचानक भेटून चकित करायला निघाली होती, असं पेपरात आलं. होरिया टीव्हीवर ढसाढसा रडला. ऑरिकाने दुकान बंद ठेवलं, आणि गावाने पावाशिवाय दिवस काढला तरी कुणी ब्र काढला नाही.

तिचा चाळिसावा दिवस आला. आमच्याकडे चाळिसाव्याला पोमाना असते. अंगणात टेबलं मांडायची, गावाला जेवू घालायचं, आणि मेलेल्याच्या जागी त्याच वयाचं, त्याच बांध्याचं माणूस बसवायचं. त्याला नखशिखांत नवे कपडे द्यायचे, नवं ताट, नवा पेला, मेणबत्ती. इथे जे या माणसाच्या अंगावर, तेच तिकडे मेलेल्याच्या अंगावर. घेणाऱ्याने प्रत्येक वस्तूला "बोगदाप्रोस्ते" म्हणायचं, म्हणजे देव गेलेल्याला क्षमा करो. तो शब्द तोंडातून निघाला की वस्तू पोचली. नाही निघाला तर नाही पोचली. आणि त्या खुर्चीवर बसलेल्याने शेवटची वस्तू पोचेपर्यंत उठायचं नाही. उठलं तर मेलेला जीव तिकडे ताटावरून उठतो.

तुदोरामावशी दुकानात आली तेव्हा ऑरिका फळ्या पुसत होती.

"ऑरिका, पोरी, तू बसशील का माझ्या लियानाच्या जागी?"

ऑरिकाच्या हातातलं फडकं गळून पडलं. तिला रडूही आलं आणि आनंदही झाला, आणि आनंद झाल्याची लाजही वाटली. "मावशी, हे काय विचारणं झालं? पण मला जमेल का तिच्यासारखं?"

"तिच्यासारखं काय करायचंय? बसायचं नि जेवायचं." मावशी पावाच्या टोपलीशी टेकली. "कपडे मी शिवलेत. ब्लाउज आहे, लोकरीचा घागरा आहे. ब्लाउज लहानपणी तिला आवडायचा तसा, पुढून बटणांचा." मग म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यात आली होती ती एकदा. एकटीच, भर दुपारी. दारात आली नि काही बोललीच नाही. माझ्याकडे पाठ केली नि म्हणाली, आई, उघड. मी उघडली बटणं. तशीच पलंगावर पडली ती, दोन दिवस झोपली."

"किती दमत असेल बिचारी," ऑरिका म्हणाली. "एवढं काम, एवढी प्रसिद्धी."

मावशीने तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग एक पाव घेऊन गेली.

पोमानेच्या शनिवारी सकाळी मावशीच्या अंगणात गावाआधी कॅमेरे पोचले होते. सगळा खर्च होरियाने उचलला होता. सरमाल्यांचे, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचे, मोठमोठे टोप त्याचे, दारूची पिंपं त्याची, शिवाय चर्चचं गळकं छप्परही तो नवं करून देणार होता, त्यामुळे फादर ग्रिगोरे त्याच्याशी बोलताना टोपी काढायचे. आणि माणूस खरोखरच नम्र. प्रत्येक म्हातारीचा हात त्याने हातात घेतला. लियानाचं नाव निघालं की त्याचे डोळे भरून यायचे, आणि ते नाटक नव्हतं, हे मी आजही सांगेन.

मावशीच्या खोलीत पलंगावर दोन जोड ठेवले होते. एकीकडे ब्लाउज आणि घागरा, नीट घडी घातलेला, वर लोकरीचे मोजे. दुसरीकडे होरियाने आणलेला पांढरा झगा. तोच, सगळ्यांच्या तोंडी असलेला, पाठीवर कापडी बटणांची बारीक रांग असलेला. ऑरिकाने त्याचे फोटो इतक्यांदा पाहिले होते की कुठे चुणी आहे ते ती डोळे मिटून सांगू शकली असती.

"आईंनी मेहनत घेतलीय," होरिया हळू आवाजात म्हणाला, "मला त्यांचं मन मोडायचं नाही. ऑरिकाबाई, तुम्हीच सांगा. लियाना कशात शोभायची?"

मावशी ऑरिकाकडे बघत उभी राहिली. एका शब्दाचं काम होतं. पण ऑरिकाचा हात केव्हाच त्या पांढऱ्या कापडावर गेला होता. ते पाण्यासारखं गार होतं.

"मावशी," ती म्हणाली, "सगळ्या देशाने तिला यातच पाहिलंय."

"देशाने पाहिलंय खरं," मावशी म्हणाली. तिने आपली घडी उचलली, काखेत मारली आणि बाहेर गेली.

बुखारेस्टहून आलेल्या एका बाईने ऑरिकाला झगा चढवला. तोंडात टाचण्या धरून ती बटणं लावत होती, आणि प्रत्येक बटणाला झगा थोडाथोडा आवळत होता.

"श्वास आत. अजून आत. हं." बाईने टाचण्या काढल्या. "परसाकडे जायचं असेल तर आधीच जाऊन यायला हवं होतं. आता नाही जाता यायचं."

"आं? मग मध्येच लागलं तर?"

"मॅडम शनिवारी सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत."

ऑरिका हसली, मिटल्या ओठांनी. तिला ती गंमत वाटली. तिने सवयीने हात मागे नेऊन बघितला. बाह्या एवढ्या तंग की बोटं पहिल्या बटणापर्यंतही पोचली नाहीत. वरून नेला तर मानेखाली अडला, खालून नेला तर कमरेवर. "आणि काढायचा कसा हो हा?"

"मी काढीन," बाई म्हणाली. "साहेब सांगतील तेव्हा."

अंगणात टेबलाच्या टोकाला लियानाची खुर्ची होती. तिच्यावर नवा टॉवेल, समोर नवं ताट, पेला, मध्ये शिजवलेल्या गव्हाच्या कोलिवाचा साखर पेरलेला डोंगर आणि त्यात खोवलेली मेणबत्ती. ऑरिका चालत आली तशा बायकांनी तोंडात बोटं घातली. "अगं बाई, हुबेहूब!" कुणीतरी हुंदका दिला. दुकानाशेजारची कोर्नेलिया मोठ्याने म्हणाली, "ऑरिका, काय नशीब काढलंस गं!" आणि ऑरिकाला खरंच वाटलं की आयुष्यभर आपण या दहा पावलांचीच वाट बघत होतो. पलीकडे पुरुषांमध्ये नेलू टोपातले सरमाले ढवळत उभा होता. त्याने तिच्याकडे बघितलं आणि डाव थांबवला, एवढंच.

ती बसली. बसल्यावर कापड पोटावर आणि बरगड्यांवर असं काही ताणलं की अर्धा श्वास आत जाईना. होरिया तिच्या मागे येऊन उभा राहिला. दोन्ही बाजूंनी कॅमेरे सरकले. पुढे बसलेल्या बायकांनी माना लांब केल्या.

शेवटचं बटण उघडं होतं.

त्याची बोटं तिच्या मानेवर आली. ती अजिबात चाचपडली नाहीत. त्यांना त्या बटणाची पुरी ओळख होती. तो वाकला. साबणाचा वास आला. जे ऐकायला अख्खा देश तरसला, ते आता तिच्या कानात पडणार होतं.

"दात झाक," होरिया म्हणाला, अगदी मऊ आवाजात. "घरी गेल्यावर बघतो."

आणि बटणाबरोबर त्याने तिच्या मानेची कातडी काजात धरली आणि पिळली. बेताने, नेमकी, जेवढी हवी तेवढी. ऑरिकाचे डोळे आपोआप मिटले, ओठ घट्ट आवळले गेले. पुढे बसलेल्या बायकांच्या तोंडून "आहाहा" असा उसासा निघाला.

"छान," तो सरळ होत म्हणाला. आता त्याचा आवाज वेगळा, सगळ्यांना ऐकू जाईल असा होता. "अगदी तिच्यासारखं."

तिला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, सवयीने निघून गेलं असेल त्याच्या तोंडातून. आणि सवयीने म्हटल्याबरोबर तिला उमगलं. सवयच होती ती. दर शनिवारची सवय. मानेवर जिथे चिमटा बसला होता तिथे अजून चुरचुरत होतं, आणि ती मनात आरशातली लियाना बघत होती, डोळे मिटून घेणारी. ते डोळे मिटणं तिने किती वेळा आरशापुढे घोटलं होतं! नेलूला कोपराने ढोसत किती वेळा दाखवलं होतं! तिला स्वतःची एवढी शिसारी आली की तिने नजर ताटावर खिळवली.

आणि दात. लियानाचा वरचा एक दात शेजारच्यावर चढलेला होता. शाळेत ती हसली की मागच्या बाकापर्यंत तो दिसायचा, आणि ती सारखी हसायची, गुरुजींनी अंगठे धरायला लावले तरी हसायची. टीव्हीवर तो दात कुणी कधी पाहिला नाही. तिने सरळ करून घेतला असेल, असं गाव धरून चाललं होतं. कुणी विचारलं नव्हतं. ऑरिकानेही नाही.

"मंडळी," होरिया बोलत होता. त्याचा एक हात ऑरिकाच्या खांद्यावर होता. "मी ठरवलंय. तीन महिन्यांची पोमाना, सहा महिन्यांची, वर्षाची, पुढे सात वर्षांपर्यंतची, प्रत्येक पोमाना आपण अशीच करायची. ऑरिकाबाई बसतील. हाच झगा. आणि बुखारेस्टला, आमच्या त्या आरशासमोर. लोकांना लियाना दिसत राहिली पाहिजे."

गावाने टाळ्या वाजवल्या. फादर ग्रिगोरेंनी टाळ्या वाजवत एकदा चर्चच्या छपराकडे बघितलं. कोर्नेलिया आनंदाने रडत होती. ऑरिकाने खांदा हलवून बघितला. हात हलला नाही. तिने श्वास घ्यायला मान वळवली, तर गळपट्टी घशात रुतली. उठावं म्हटलं तर उठायचं नव्हतं. झगा काढावा म्हटलं तर तो साहेबांनी सांगितल्यावर निघणार होता. एवढी माणसं भोवती, सगळी ओळखीची, सगळी प्रेमाने बघणारी, आणि त्यांतल्या एकालाही कळत नव्हतं की ही बाई इथे कोंडली गेलीय. तिला पाणी हवं होतं. समोर पेला होता. तिने तो उचलला नाही, आणि का उचलत नाही हे लक्षात येऊन तिला लियानाचे सगळे शनिवार आठवले.

फादरनी धूप फिरवला, प्रार्थना म्हटली. मग तुदोरामावशी पुढे आली. रिवाजाप्रमाणे आई एकेक वस्तू मेणबत्तीवरून ऑरिकाच्या हातात देऊ लागली.

"हे ताट माझ्या लियानाला."

"बोगदाप्रोस्ते."

"हा पेला माझ्या लियानाला. तिकडे तहानेली राहू नये."

"बोगदाप्रोस्ते," ऑरिका म्हणाली, आणि या वेळी पेला तोंडाला लावून तिने तो घटाघटा रिकामा केला. मागून खांद्यावरची बोटं जराशी आवळली.

मग टॉवेल झाला, वहाणा झाल्या. शेवटी मावशीने झग्याच्या बाहीला हात लावला. ऑरिकाला वाटलं होतं मावशी रडेल, पण तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आई, उघड, असं जिला पोर म्हणाली होती, तिने स्वतःच्या हाताने आता तोच बंद झगा पोचवायचा होता, कायमचा. आणि ते का, तर ऑरिकाला कापड आवडलं म्हणून.

"हा झगा," मावशी म्हणाली आणि थांबली. "हा झगा लियानाला."

ऑरिकाने तोंड उघडलं नाही.

माणसं वाट बघत राहिली.

"बोल की गं," कोर्नेलिया कुजबुजली. "शब्द विसरलीस का?"

"ऑरिका, बाई, म्हण," फादर म्हणाले. "लोकांचे सरमाले गार होतायत."

"म्हणा," होरिया वाकून तिच्या कानाशी म्हणाला. कॅमेरे पुन्हा पुढे आले, बायकांचे चेहरे पुन्हा वितळले. "म्हणा, आणि हसा."

"नाही," ऑरिका म्हणाली. आवाज जेमतेम निघाला, तिने तो पुन्हा काढला. "हा नाही पोचवायचा. तिला यातून बाहेर काढा. माझी बटणं उघडा कुणीतरी."

अंगणात एकच गलका झाला. "हिच्या डोक्यावर परिणाम झाला!" "पोमानेत असं?" "चर्चचं छप्पर गेलं आता!" बुखारेस्टच्या बाईने होरियाकडे बघितलं. होरियाने मान किंचित हलवली, नाही अशी. बाई जागची हलली नाही. "बाईंना उन्हाचा त्रास होतोय," होरिया कॅमेऱ्याला म्हणाला, आणि ते इतक्या काळजीने म्हणाला की चार बायकांनी लगेच माना डोलावल्या. "आत घेऊन जाऊ या त्यांना."

त्याने तिच्या काखेत हात घातला. तिने दोन्ही हातांनी टेबल धरलं. उठायचं नव्हतं. ती उठली तर लियाना उठणार, उपाशी, त्याच झग्यात. हात मागे पोचत नव्हते, श्वास पोचत नव्हता, आणि गाव नुसतं बघत होतं.

"नेलू!" ती ओरडली. "अरे नेलू!"

नेलूने डाव टोपात ठेवला. हात विजारीला पुसले. तो गर्दीतून आला, घाई न करता, पंपहाऊसला निघाल्यासारखा, आणि होरियाच्या समोर उभा राहिला.

"सरका साहेब," तो म्हणाला. "माझी बायको बोलावतेय."

होरिया सरकला नाही. नेलूने त्याला धक्का दिला नाही, शिवी दिली नाही. त्याने ऑरिकाच्या काखेतला तो हात मनगटाशी धरला आणि नट सोडवावा तसा सोडवला. होरियाचा चेहरा पांढरा पडला. मग तो मागे झाला, आणि त्याने आधी मनगटाकडे नाही, कॅमेऱ्याकडे बघितलं. त्याच्यावरचा लाल दिवा अजून लागलेला होता.

नेलू तिच्या मागे उभा राहिला. "कुठून सुरू करू?"

"मानेकडून."

त्याची जाड बोटं मानेवर आली, घसरली, पुन्हा आली. कापडी बटण त्याच्या चिमटीत मावेना. ऑरिका टेबल धरून वाट बघत होती. तिच्या मानेवरचा लाल वळ त्याला दिसला असावा, कारण त्याची बोटं थांबली. मग तो वाकला, आणि सगळ्या गावाने, सगळ्या कॅमेऱ्यांनी बघितलं, त्याने तिच्या कानात काहीतरी विचारलं.

"लागतंय का गं?"

ऑरिकाला रडू फुटलं. तिने मान हलवली. नेलूने पहिलं बटण काढलं, दुसरं काढलं, तिसरं तुटून कोलिवात पडलं. पुढची त्याने काढायच्या भानगडीत न पडता दोन्ही बाजू धरल्या आणि ओढल्या. बटणं टपटप टेबलावर सांडली. ऑरिकाने इतका मोठा श्वास घेतला की समोरची मेणबत्ती हलली.

बायकांनी पुरुषांना पाठ करायला लावली. काही पुरुषांनी केली. तुदोरामावशीला घरात जावंच लागलं नाही. काखेतली घडी सकाळपासून तिच्या काखेतच होती. तिने टॉवेल ऑरिकाच्या खांद्यावर टाकला, झगा बसल्याजागीच खाली ओढून काढला आणि घागरा नि ब्लाउज तिच्या अंगात चढवले. कोर्नेलिया बटणं लावायला पुढे झाली, तशी मावशीने तिचा हात बाजूला केला.

"राहू दे. तिची ती लावेल."

ऑरिकाने लावली. वेळ लागला, पण एकेक करून सगळी लावली. लावून झाल्यावर मावशीने तिच्या छातीवरच्या पहिल्या बटणाला हात लावला, आणि ऑरिकाकडे न बघता, तिच्या पलीकडे कुठेतरी बघत म्हणाली,

"हे माझ्या लियानाला. पुढून आहेत बटणं, पोरी. तुझी तू काढ."

ऑरिकाने सगळे दात दाखवून, रडत रडत, "बोगदाप्रोस्ते" म्हटलं.